जनुकं, आहार आणि स्तनाचा कॅन्सर

स्तनाच्या कॅन्सरचा धोका जनुकांमुळे किती आणि खाण्यापिण्यामुळे किती, असं आपण दोन खात्यांत वाटून विचारतो, पण शरीरात ही खाती वेगळी नसतात. एकच पदार्थ दोन बायकांनी खाल्ला तरी तो पचवणारी आणि त्यातले घटक बाहेर टाकणारी एन्झाइम्स दोघींत सारख्याच वेगाने काम करतील असं नाही, कारण ती बनवणारी जनुकं थोडी थोडी वेगळी असतात. याला जनुक-आहार आंतरक्रिया म्हणतात.

आधी मोठी जनुकं. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ या, स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांमध्ये घातक बदल असेल तर वयाच्या ८० पर्यंत हा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. हे आकडे ऐकून बाई हादरते आणि ते साहजिकच आहे. पण अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्या टीमने २००३ मध्ये न्यूयॉर्क भागातल्या अश्केनाझी (मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यू कुटुंबांवर जो अभ्यास छापला त्यात एक विलक्षण गोष्ट दिसली: हे बदल असलेल्या बायकांपैकी १९४० च्या आधी जन्मलेल्यांना पन्नाशीपर्यंत कॅन्सर होण्याचा धोका २४ टक्के होता आणि नंतर जन्मलेल्यांना ६७ टक्के. जनुक तेच, बदलली ती राहणी. किशोरवयात व्यायाम केलेल्या आणि वजन आटोक्यात असलेल्या बायकांना आजार उशिरा आला. यात नुसत्या आहाराचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही, आणि म्हणूनच बीआरसीएमध्ये घातक बदल निघाला तर चांगलं खाणं हा एमआरआय तपासणीला किंवा ऑपरेशनच्या सल्ल्याला पर्याय नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही स्पष्ट सांगायला हवं.

मग येतात छोटे बदल, जे लाखो लोकांत असतात. मुळा किसताना नाकात जो झणका चढतो तो आयसोथायोसायनेट नावाच्या घटकांचा. कोबी, मुळा, मोहरी चिरली, वाटली की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम मोकळं होतं आणि हे घटक तयार होतात, आधीच खूप उकळलं तर ते एन्झाइम मरतं. शरीर हे घटक जीएसटी गटाच्या एन्झाइम्सनी बाहेर टाकतं. शांघायमधल्या २००८ च्या एका अभ्यासात यातल्याच जीएसटीपी-१ या जनुकाची एक विशिष्ट आवृत्ती आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेल्या बायकांना जास्त धोका दिसला, आणि ज्या या भाज्या कमी खायच्या त्यांच्यात तो अजून ठळक होता.

चहाचंही असंच. सीओएमटी हे एन्झाइम चहातली कॅटेचिन्स नावाची, उपयोगी मानली जाणारी द्रव्यं निकामी करतं, ईस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनपासून बनणारे काही घटकही. लॉस एंजेलिसमध्ये आशियाई वंशाच्या बायकांच्या २००३ च्या अभ्यासात चहाचा फायदा दिसला तो सीओएमटीची संथ आवृत्ती असलेल्यांनाच, पण २००९ साली शांघायच्या मोठ्या अभ्यासात हे नातं सापडलं नाही. या विषयात असं फार वेळा झालंय, त्यामुळे थुंकी तपासून तुमच्या जनुकांना साजेसा कॅन्सररोधक डाएट देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

दारूबद्दल मात्र शंका नाही. रोज १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ३० मिलीचा एक छोटा पेग, धोका साधारण ७ ते १० टक्क्यांनी वाढवतो. त्यात दारू फोलेट या ब गटातल्या जीवनसत्त्वाचं शोषण बिघडवते आणि एमटीएचएफआर जनुकाची ६७७ टीटी आवृत्ती असेल तर तेच फोलेट कामाला लावणारं एन्झाइम मुळातच मंद असतं, त्यामुळे पालक, मेथी, चवळी, मूग कमी खाणाऱ्या बाईत दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी घाव घालू शकतात. इथेही सगळ्या अभ्यासांचा सूर एक नाही.

२०१६ मध्ये जनुकांमधल्या ९२ छोट्या बदलांचा एकत्र हिशोब करणारा एक अमेरिकन अभ्यास आला. त्यात वजन, दारू, सिगरेट आणि पाळी गेल्यानंतरच्या हार्मोन गोळ्या या चारच गोष्टी सांभाळल्या तर जनुकं, घरातला आजार अशा न बदलता येणाऱ्या कारणांमुळे सगळ्यात जास्त धोका असलेल्या गोऱ्या बायकांचा धोकाही सर्वसाधारण बाईइतका खाली येतो असं दिसलं. म्हणजे जिच्या घरात आजार आहे तिलाच याचा फायदा जास्त.

आपल्याकडे मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासूनची आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासूनची, आणि बार्शीत स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईपेक्षा कितीतरी कमी राहिलंय. मुलं कधी आणि किती झाली, अंगावर किती पाजलं, अंगमेहनत किती, हे सगळंच दोन्हीकडे वेगळं, त्यामुळे श्रेय नुसतं भाकरीला देता येत नाही. टाटा मेमोरियलच्या अभ्यासात मात्र एक गोष्ट ठळक निघाली: एकूण वजनापेक्षा कमरेचा घेर आणि नितंबांचा घेर यांचं गुणोत्तर महत्त्वाचं, आणि ते पाळी जायच्या आधीही आणि नंतरही. ते मोजायला शिंप्याची टेप पुरते.