सिम्युलेटरमधला संगणक डेटा कधी पाठवतो?

स्थानिक नेटवर्कच्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये संगणक, प्रिंटर किंवा कॅमेरा यांचे चिन्ह स्विचला (उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला) जोडणे सोपे असते. परंतु त्या चिन्हामागचे उपकरण डेटा कधी आणि किती पाठवते, हे ठरवणे मात्र अवघड असते. एनएस-३ या मुक्त सिम्युलेटरमध्ये नोड, म्हणजे उपकरणाचे प्रतिरूप, सुरुवातीला जवळजवळ रिकामा असतो. त्याला नेटवर्क कार्ड, प्रोटोकॉलचे (संवादाच्या नियमांचे) थर आणि डेटा निर्माण करणारे अ‍ॅप्लिकेशन जोडले, की त्याचे एंड डिव्हाइस, म्हणजे नेटवर्कच्या टोकाचे उपकरण, होते.

कार्ड आणि प्रोटोकॉल यांचे नियम मानकांनीच घालून दिलेले आहेत. १०० मेगाबिट प्रति सेकंद वेगाच्या दुव्यावर १,५१८ बाइटांची इथरनेट (स्थानिक नेटवर्कचे तारेवरचे तंत्र) फ्रेम, म्हणजे डेटाचा एक गठ्ठा, पाठवायला सुमारे १२१ मायक्रोसेकंद लागतात, हे गणित कोणताही सिम्युलेटर बिनचूक करतो.

अ‍ॅप्लिकेशनच्या बाबतीत असे मानक नाही. पूर्वी पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पॉयसाँ प्रक्रियेनुसार, म्हणजे एकमेकांवर अवलंबून न राहता ठरावीक सरासरीने, येतात असे सर्रास धरले जाई, कारण त्यामुळे समीकरणे सुटसुटीत होत. अमेरिकेतील बेलकोर या संशोधन संस्थेने १९८९ ते १९९२ या काळात इथरनेटवरील रहदारी प्रत्यक्ष मोजली, तेव्हा निराळेच चित्र दिसले: मोजणीचा कालखंड मिलिसेकंदांचा घ्या वा मिनिटांचा, रहदारीतील चढउतार पॉयसाँ गृहीतकाप्रमाणे सपाट होत नव्हते. पॉयसाँ गृहीतकावर बेतलेल्या सिम्युलेशनमध्ये स्विचचा बफर (पॅकेट तात्पुरते साठवण्याची जागा) पुरेसा वाटतो आणि प्रत्यक्षात तो भरून पॅकेट गळू लागतात, याचे एक कारण हेच. म्हणून आता उपकरणाला ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा आळीपाळीच्या अवस्था देतात आणि त्यांतल्या काही अवस्था फार लांबतील अशी संभाव्यता-वितरणे निवडतात.

दुसरी बाब माझ्या मते अधिक दुर्लक्षित आहे. खऱ्या संगणकासमोरचा माणूस सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत थांबतो, त्यामुळे नेटवर्क मंदावले की मागणीही आपोआप घटते. ठरावीक वेगाने पॅकेट ओतत राहणाऱ्या मॉडेलला याचा पत्ताच नसतो आणि ते गर्दी अवास्तव फुगवते. कॅमेऱ्याच्या अखंड चित्रप्रवाहासाठी मात्र तेच साधे मॉडेल बऱ्याचदा पुरते.

सुरुवातीचा क्षणही सांभाळावा लागतो. सगळी उपकरणे शून्य सेकंदाला जागी केली, तर आयपी पत्ता मागणारे त्यांचे संदेश एकाच वेळी उसळतात. खऱ्या जगात हे टाळण्यासाठीच डीएचसीपी या आयपी पत्ते आपोआप वाटणाऱ्या प्रोटोकॉलच्या मानकाने सुरुवातीला १ ते १० सेकंदांचा यादृच्छिक विलंब सुचवला आहे; मॉडेलमध्ये तो विलंब घालायला एखादी ओळ पुरते.