तलावातला मासा कुठून आला? बेळगाव सीमाभागातल्या लहान तलावांची पार्श्वभूमी

मृगाचा पाऊस लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गळ टाकणाऱ्यांचा एकच प्रश्न सुरू होतो: यंदा तलावात मासा कसा आहे? उत्तर बहुतेक जण पावसावरून देतात. तलाव भरला तर मासा चांगला, नाही भरला तर नाही. हे अर्धंच खरं आहे. आपल्या लहान तलावांत आज सापडणारा बराचसा मासा तिथं आपोआप आलेला नाही. काही कुणीतरी पिशवीत भरून आणून सोडलेला असतो, काही एकदा सोडल्यावर कुणालाच न आवरलेला. जो खरा इथला, तो मात्र कमी होत चाललाय. हे कसं घडत गेलं ते ठाऊक असेल तर गळाला काय लागेल याचा अंदाज पावसापेक्षा जास्त नेमका बांधता येतो.

मुळात आपल्याकडचे तलाव बांधताना मासा कुणाच्या मनात नव्हता. निपाणीचा जवाहर तलाव शहराला पाणी देतो, मार्कंडेय नदीवरचा राकसकोपचा जलाशय बेळगावची तहान भागवतो, आणि गावोगावची तळी जनावरांसाठी, धुण्यासाठी, भाताला शेवटचं पाणी देण्यासाठी खणलेली. पाण्याची ओढ या भागात जुनीच. १९२४ साली काँग्रेसचं अधिवेशन बेळगावात भरलं तेव्हा टिळकवाडीत मुद्दाम विहीर खणावी लागली. ती काँग्रेस विहीर म्हणून आजही ओळखली जाते. पाऊस तर जिल्ह्यात कुठंच सारखा नाही. कणकुंबी-जांबोटीकडं वर्षाला काही हजार मिलिमीटर पडतो, बेळगाव शहरात १२००-१३०० च्या आसपास, आणि अथणीकडं ५००-६०० वर वर्ष निघतं. त्यामुळं पश्चिमेकडच्या तळ्यांत उन्हाळ्यातही थोडं पाणी टिकतं, पूर्वेकडची एप्रिल-मेमध्ये तळाला भेगा पडेपर्यंत वाळतात. ज्या तळ्याला दरवर्षी मरण येतं, तिथं कोण जगणार हे आधीच ठरलेलं असतं.

जगतो तो मरळ. त्याला पाण्यावर येऊन हवा घेता येते, त्यामुळं चिखलात थोडी ओल उरली तरी तो तग धरतो. हीच ताकद मांगूर आणि इंगळी या देशी माशांत आहे. बाकीचे, म्हणजे शिंगटी, वाम, चांदीसारखे लहान खवल्यांचे मासे, झिंगे, ही सगळी मंडळी ओढ्यातून येतात. ओढा नदीला मिळतो आणि नदी कृष्णेला. कर्नल विल्यम सायक्स यांनी दख्खनमध्ये सरकारी पाहणीचं काम करताना नद्यांतले मासे गोळा केले होते, त्यांची वर्णनं १८३९ साली आली. शिंगाळा, खुद्री महसीर अशा जातींची शास्त्रीय नोंद त्यात आहे. ती पाहणी मुख्यतः भीमेच्या खोऱ्याकडची, पण भीमा काय, घटप्रभा काय, मलप्रभा काय, शेवटी सगळं पाणी कृष्णेचंच. त्यामुळं आपल्या तळ्यातला देशी मासा हा नदीचा मासा आहे. नदीशी जोडणारी वाट तुटली की त्याचं घराणं संपलं.

ही वाट वर्षातून एकदाच खऱ्या अर्थानं उघडते, आणि इथं थोडं थांबायला हवं. पहिल्या जोराच्या पावसात ओढ्याला लाल पाणी आलं की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट चढू लागतात. तलावातून, डोहातून निघून ओढ्यानं वर, तिथून बांधाच्या फटींतून थेट भाताच्या खाचरांत. चढणीचे मासे, वळगणीचे मासे असं आपण त्यांना म्हणतो. खाचरातलं पाणी उथळ, कोमट, किडामुंगीनं भरलेलं. पिल्लांना वाढायला त्याहून बरी जागा नाही. पिल्लं मोठी होतात आणि पावसाळा सरता सरता, खाचरं उतरताना पाण्याबरोबर ओढ्यात आणि तलावात परत येतात. तलावात देशी मासा वर्षानुवर्षं टिकला तो या येण्याजाण्यामुळं.

चढणीच्या रात्री बॅटरी, बुट्टी, काठी घेऊन अख्खं गाव ओढ्यावर लोटतं. हा आपल्या भागातला मोठा आनंद आहे आणि त्यावर नाक मुरडायचा माझा हेतू नाही. पण जुन्या काळी वाट रुंद होती, खाचरं मोकळी होती. पकडून उरलेला मासाही भरपूर असायचा. आता रस्त्याखाली सिमेंटच्या पाइपांची मोरी आली. तिचं तोंड ओढ्याच्या तळापेक्षा हातभर उंच असलं की मासा तिथंच आपटत राहतो आणि सगळे एकाच जागी सापडतात. कितीतरी खाचरांत भाताऐवजी ऊस उभा राहिला. तणनाशक आलं. बेळगाव बासमती ज्या वडगाव-येळ्ळूर पट्ट्यात पिकायचा, तिथला बळ्ळारी नाला आज शहराचं सांडपाणी आणि जलपर्णी वाहतो. पकडणारे हात तेवढेच राहिले, चढणारे मासे घटले. देशी माशाच्या घसरणीत माझ्या मते सगळ्यात मोठा वाटा या तुटलेल्या वाटेचा आहे. गळ टाकणाऱ्यांचा त्यात वाटा फार थोडा.

याच्या उलट बाजूला आहे तो सोडलेला मासा. कटला, रोहू, मृगळ ही तिन्ही नावं आज आपल्या तोंडात इतकी बसली आहेत की ते इथलेच वाटतात. मूळचे ते उत्तरेकडच्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साठलेल्या तळ्यात ते वाढतात पण वीत नाहीत. म्हणून पूर्वी बंगाल-बिहारकडच्या नद्यांत पुराच्या वेळी त्यांची पिल्लं गोळा करून रेल्वेनं लांब लांब पाठवत. त्यात भलत्या जातींची भेसळ असायची आणि वाटेत मरही खूप व्हायची. १० जुलै १९५७ रोजी कटकच्या संशोधन केंद्रात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशांना मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून हव्या त्या वेळी अंडी घालून घेतली. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मासेपालनाचं पान तिथं उलटलं. १० जुलै हा आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळला जातो तो याचसाठी.

त्यानंतर मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली, म्हणजे माशाच्या पिल्लांच्या चढत्या आकाराच्या तीन अवस्था, ही बाजारात मिळणारी वस्तू झाली. पुढं मिश्र मत्स्यशेतीचं तंत्र देशभर पोचलं. त्यामागचा विचार साधा आहे. कटला वरच्या थरातलं सूक्ष्म खाद्य खातो, रोहू मधल्या थरात फिरतो, मृगळ तळ चाळतो. तिघं एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. त्यांच्या जोडीला गवत खाणारा गवत्या आणि चंदेरी हे परदेशी मासे १९५९ साली भारतात आले. नीट सांभाळलेल्या तळ्यात कटला वर्षभरात किलोच्या घरात जातो. गावच्या तलावावर आज मोठा मासा दिसतो त्यामागं हे सगळं आहे.

पण यातच एक कच्चा दुवा आहे. हे मासे तळ्यात वीत नसल्यामुळं ज्या वर्षी बी सोडलं नाही, त्या वर्षीची पिढीच तलावात नसते. कितीही पाऊस झाला तरी नसते. आणि मरळ, शिंगाळा असलेल्या तलावात बोटभरही नसलेलं बारीक बी सोडलं तर ते त्यांचं खाद्य होतं. म्हणून अशा ठिकाणी १०० मिलिमीटरच्या वरची बोटुकलीच सोडावी असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. ती महाग पडते, वाहतुकीला जागा जास्त लागते, त्यामुळं सोडणारे हात आखडता घेतात. बी सोडल्याचा फोटो निघतो आणि दोन वर्षांनी तलाव रिकामा का, याचं उत्तर कुणाकडं नसतं.

चिलापीची गोष्ट वेगळी. बाजारात कन्नड ग्राहक तिला जिलेबी म्हणतात. मोझांबिक टिलापिया १९५२ साली भारतात आला. तो कुठंही जगतो आणि भराभर वाढतो म्हणून त्याच्याकडून मोठ्या आशा होत्या. सात वर्षांतच, १९५९ मध्ये, त्याचा प्रसार थांबवावा असं ठरलं. तोवर उशीर झाला होता. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळं पिल्लं वाचण्याचं प्रमाण जास्त. वर्षातून अनेकदा वीण होते. आणि तळ्यात गर्दी झाली की मासा वाढायचाच थांबतो आणि तळहाताएवढा असतानाच पुन्हा वितो. गळाला दिवसभर चिलापी लागते आणि एकही मोठी नसते, ती याचमुळं. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा बाहेरून आलेला मासाही तळ्यातच वितो, पाणवनस्पतींना त्याची अंडी चिकटतात, आणि तळ उकरून पाणी गढूळ करायची त्याला सवय. आफ्रिकन मांगूरवर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातली, कारण तो दुसऱ्या माशांना शिल्लक ठेवत नाही. तरी तो चोरून पाळला जातो. पुरात शेततळं फुटलं की तो ओढ्यात येतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या काठची किती शेततळी वाहून गेली हे या भागातल्या लोकांनी पाहिलंय.

आता कारभाराकडं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. ताम्रपर्णी आणि घटप्रभा तिकडून इकडं वाहतात. म्हणजे एकाच पाण्यातल्या माशावर दोन राज्यांचे नियम आणि दोन खात्यांचं बी. आपल्या बाजूला लहान तलाव पंचायतींकडं, मोठे सरकारी खात्यांकडं, आणि मासेमारीचा हक्क काही वर्षांच्या मुदतीनं लिलावात दिला जातो. नोटीस कन्नडमध्ये लागते. ज्या भोई आणि अंबिग कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव राखला त्यांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य असलं, तरी पैसेवाला माणूस संस्थेच्या आडून टेंडर भरतो अशी तक्रार कितीतरी गावांत ऐकू येते. ज्याचा तलाव पाच वर्षांपुरताच, त्याला सहाव्या वर्षाच्या मरळीची काळजी कशाला असेल?

एप्रिल २०२२ मध्ये अमृत सरोवर योजना सुरू झाली, प्रत्येक जिल्ह्यात ७५ तलाव असं तिचं लक्ष्य होतं. गाळ निघाला, पाणी वाढलं, हे चांगलंच झालं. पण जेसीबीनं काठ सरळ खाली कापला जातो, शहरात दगडी पिचिंग आणि चालायचा ट्रॅक येतो, आणि गुडघाभर पाण्याचा लव्हाळ्याचा पट्टा नाहीसा होतो. मरळ घरटं तिथंच करतो. नर-मादी दोघंही पिल्लांच्या लालसर थव्याभोवती राखण करत फिरतात आणि जवळ आलेल्या कशावरही झडप घालतात. त्यामुळं त्या वेळी त्यांना गळावर ओढणं अगदी सोपं, आणि तेव्हा एक मरळ मारला की शेकडो पिल्लं इतरांच्या तोंडी जातात. पावसाळ्यात असा थवा दिसला तर त्या काठाला गळ टाकू नये, एवढं तरी आपण गळवाल्यांनी पाळायलाच हवं. पाण्यात विष किंवा सुरुंग वापरणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. ब्लिचिंग पावडर आणि बॅटरीचा करंट वापरणारे त्याच रांगेत बसतात.

मग गळाला काय लागेल? आधी बघायचं ते तलावाचं टेंडर कितव्या वर्षात आहे. नव्या ठेक्याच्या पहिल्या पावसाळ्यात सोडलेलं बी त्या हिवाळ्यात हातभरही नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कटला आणि रोहू खरे वजनाचे असतात, आणि शेवटच्या उन्हाळ्यात ठेकेदार ओढ जाळं लावून तलाव साफ करतो, त्यानंतर वर्षभर चिलापीवरच भागवावं लागतं. पूर्वेकडं तलाव मेमध्ये आटला असेल तर हे सगळे हिशेब शून्यावर येतात, मरळ सोडून. पाऊस उघडल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाणी निवळतं आणि मृगळ, सायप्रिनस तळाशी कणकेच्या गोळीला चांगले येतात. कटल्यासाठी कोंडा-मैद्याचा मसाला वरच्या थरात तरंगता ठेवायचा, आणि तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) जाड हवा. मरळीला लव्हाळ्याच्या कडेनं बेडूक. गांडुळाला शिंगटी आणि वाम लागतात, संध्याकाळ कलल्यावर जास्त. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा घेताना दिसले तर त्या दिवशी गळ गुंडाळावा, कारण पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. ढगाळ दिवसांनंतर आणि सांडपाणी शिरणाऱ्या तलावांत हे हमखास होतं.

आणि जिथं हक्क लिलावात गेलाय तिथं ठेकेदाराला किंवा पंचायतीत विचारल्याशिवाय गळ टाकू नये. विचारायला गेलं की दोन गोष्टी आणखी विचाराव्यात: बी कोणत्या महिन्यात सोडलं, आणि किती बोटांचं होतं. पुढच्या टेंडरच्या अटींत बोटुकलीचा आकार, जाळ्याच्या आसाचं (भोकाचं) माप आणि चढणीच्या दिवसांत ओढ्याच्या तोंडाशी जाळं न लावण्याची अट घालायची असेल, तर ती ग्रामसभेत लिलावाच्या आधी मांडावी लागते. लिलाव झाल्यावर पंचायतीचा विकास अधिकारी (पीडीओ) सुद्धा त्यात बदल करू शकत नाही.