त्रिशूली नोव्हेंबरात हिरवी आणि श्रावणात चहासारखी का?

मावशी गेल्या श्रावणात नेपाळमधल्या मुक्तिनाथला जाऊन आली आणि आल्या आल्या टूरवाल्यावर घसरली. “त्याच्या रीलमध्ये नदी पाचूसारखी हिरवीगार, आणि आम्हाला दाखवली ती उकळलेला चहा, सगळे फिल्टर मारतात मेले!” नदी म्हणजे त्रिशूली. काठमांडूहून पोखराला जाताना गल्छीपासून मुगलिंगपर्यंत ती रस्त्याच्या कडेनेच धावते, त्यामुळे खिडकीतून दुसरं काही दिसतच नाही. मग फॅमिली ग्रुपवर चर्चासत्र. एक म्हणाला पाण्याचा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, ढग होते म्हणून गेला. दुसरा म्हणाला हिमालयातल्या दगडात तांबं असतं. दोन्ही चूक, आणि मला राहवेना.

आकाशाचा मुद्दा पटकन निकालात काढू. छताखालचा, पांढऱ्या टाइल्सचा स्विमिंग पूल आठवा, वर आकाश नसतानाही खोल भागात पाणी निळसर दिसतं. म्हणजे रंग पाण्याचाच आहे, फक्त इतका फिका की ग्लासभर पाण्यात कळत नाही.

आता माझा आवडता भाग. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनला दोन हायड्रोजन जोडलेले असतात, आणि ते स्प्रिंगला बांधल्यासारखे सतत थरथरतात. या थरथरीचा मूळ सूर इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्याला न दिसणारा. पण तंबोऱ्याची षड्जाची तार छेडली की कोणी न वाजवता गंधार ऐकू येतो ना, स्वयंभू गंधार, तसेच या थरथरीलाही वरचे स्वर असतात आणि त्यातला एक पार लाल प्रकाशाच्या टोकापर्यंत पोचतो. त्यामुळे पाणी लाल प्रकाश खातं. 700 नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश एक मीटर पाण्यातून गेला की जवळपास निम्मा संपतो, निळा मात्र कित्येक मीटर फारसा कमी न होता जातो. याचा पुरावा तर आपल्या अलिबागजवळ, थळच्या जड पाण्याच्या कारखान्यात तयार होतो! जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वजनाचा ड्युटेरियम, जड झाल्यावर थरथर मंद, सगळे स्वर खाली उतरतात आणि लालला भिडणारा स्वर इन्फ्रारेडमध्ये सरकतो. म्हणून जड पाण्याला हा निळा रंग नाही. (इथपर्यंत आलात तर शाबास, मावशी तंबोऱ्यालाच ग्रुपमधून उठून गेली.)

पण नुसतं स्वच्छ खोल पाणी वरून काळपटच दिसतं कारण आत गेलेला प्रकाश परत येत नाही. तो परत फिरवायला हवं दगडाचं पीठ. हिमनदी पोटात अडकलेल्या दगडांसकट खालच्या खडकावरून सरकते, अक्षरशः दळायचं जातं, आणि काही मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पीठ पाडते. आता बघा, 0.1 मिलिमीटरचा वाळूचा कण थंड, स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला तीनेक मिनिटं घेतो, 2 मायक्रॉनचा कण साधारण पाच-सहा दिवस, कारण बुडण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर ठरतो. वाहत्या नदीत तर तो बसतच नाही, तरंगत राहतो आणि प्रकाश उलटा फेकतो. पीठ थोडं असेल तर प्रकाश खोलवर जाऊन, लाल गमावून परत येतो, म्हणून निळसर-हिरवा. पीठ फार झालं तर प्रकाश वरच्या वरच माघारी फिरतो, पाण्याला लाल खायला वेळच मिळत नाही, म्हणून पांढरट. एव्हरेस्टच्या बाजूची दूधकोशी नावाप्रमाणे दुधाळ आहे ती यामुळेच. वर गोक्योच्या तलावांत जाडं पीठ तळाला बसतं, बारीकच उरतं, आणि रंग असा की फोटो खोटा वाटावा.

श्रावणात काय होतं? पाऊस, दरडी, शेतातली माती, वर हिमनद्याही जोरात वितळत असतात. तपकिरी माती निळा प्रकाश स्वतःच गिळते, झाला चहा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे सगळं थांबतं आणि तीच त्रिशूली हिरवी होते. राफ्टिंगवाल्यांचा सीझनही तेव्हाच सुरू होतो. तेव्हा टूरवाला खोटं बोलला नव्हता, त्याने फक्त महिना सांगितला नाही.

पोखरात सेती नदी बघायला विसरू नका. सेती म्हणजे पांढरी, चुनखडीच्या गाळाने दुधाळ झालेली, आणि शहराच्या मधोमध इतक्या अरुंद घळीतून जाते की पुलावरून वाकून बघितल्याशिवाय नदी आहे हेच कळत नाही. तिला हलक्यात घेऊ नका मात्र, 5 मे 2012 ला वर अन्नपूर्णेच्या बाजूला कडा कोसळला आणि पूर आला, तोही पाऊस नसताना.

मुक्तिनाथच्या वाटेवरची कालीगंडकी नदी याच्या उलट. धवलगिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजारी शिखरांच्या मधून ती वाहते आणि तिच्यात काळ्या शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या दगडाचा, चुरा असतो, जो प्रकाश परत करायच्या ऐवजी शोषतोच. शाळिग्राम याच शेलमधले. वज्रकीट नावाचा किडा दगड पोखरून आत चक्र कोरतो असं अजूनही फॉरवर्ड फिरतं, पण ते चक्र अमोनाइटचं, म्हणजे ज्युरासिक काळात टेथिस समुद्रात राहणाऱ्या शंखवाल्या प्राण्याचं. किडा दगडाच्या आधीचा आहे, नंतरचा नाही. हिमालय उचलला जाण्याआधी तिथे समुद्र होता याचा हा हातात मावणारा पुरावा, मला तरी किड्यापेक्षा हेच जास्त भारी वाटतं.

मावशीने एक आणलाय. मी भिंग घेऊन बसलो तेव्हा म्हणाली, समुद्रातला आहे ना तुझा तो प्राणी, मग आंघोळ घालताना पाण्यात मीठ टाकू का?