रहाटाची दोणी आणि फेमटोसेकंदाचं घड्याळ

गणपतीला मुंबईहून आलेल्या भाच्याने यंदा पिशवीतून दोन काळ्या डब्या काढल्या. एक डॅक, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारं यंत्र. ती ठीक. दुसरी ‘फेमटो क्लॉक’ची, म्हणजे फेमटोसेकंदापर्यंत (पिकोसेकंदाचा हजारावा भाग; पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) अचूक म्हणवणाऱ्या घड्याळाची, दुकानदाराने गळ्यात मारलेली. “मामा, जिटर जातो. पखवाज कसा सुटा ऐकू येतो बघ!” जिटर म्हणजे आकडे वाजवण्याच्या वेळेतली बारीक मागेपुढे. मला तसं काही ऐकू आलं नाही. पण गुहागरच्या पडवीत बसून त्याला जे सांगितलं, ते इथे लिहितो.

सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे प्रत्येक कानासाठी सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक. हे आकडे नेमक्या कुठल्या क्षणी वाजवायचे, हे डॅकमधलं घड्याळ ठरवतं. घड्याळ म्हणजे क्वार्ट्झची साधारण केसाएवढ्या जाडीची चकती. वीज दिली की ती थरथरते (हे गुण क्युरी बंधूंनी १८८० पासून उलगडले). सेकंदाला २,२५,७९,२०० थरथरी, भागिले ५१२, की आले ४४,१००.

हे घड्याळ दिवसाला चार सेकंद मागे पडलं तरी सूर अर्धस्वराच्या हजाराव्या हिश्शानेही सरकत नाही. जिटर वेगळा. भजनात एखाद्या टाळकऱ्याची लय एकूणात बरोबर असते, पण एक ठोका किंचित आधी, एक किंचित मागे, तसा. म्हणूनच अणुघड्याळ जोडून घेण्यात फारसा अर्थ नाही. ते महिन्यांच्या हिशोबाला पक्कं, पण क्षणाक्षणाच्या थरथरीत चांगलं क्वार्ट्झच सरस.

चूक किती होते? आवाजाच्या लहरीचा उतार गुणिले वेळेतली चूक. कड्यावर पाऊल वीतभर पुढे पडलं तर माणूस खाली जातो, पुळणीवर काही होत नाही. सगळ्यात खडा उतार २०,००० हर्ट्झच्या (सेकंदाला २०,००० थरथरींच्या) पूर्ण जोराच्या लहरीचा. तिथे अर्ध्या पायरीची चूक व्हायला १२० पिकोसेकंद पुरतात, तेवढ्यात प्रकाश जेमतेम ३.६ सेंटीमीटर जातो. जाहिराती असेच आकडे नाचवतात. अशी लहर गाण्यात कुठे असते? जपानी संशोधकांनी २००५ साली माणसांना ऐकायला बसवून तपासलं, तेव्हा संगीतातला विस्कळित जिटर काहीशे नॅनोसेकंदांचा (एक नॅनोसेकंद म्हणजे हजार पिकोसेकंद) झाल्यावर ओळखता आला. म्हणजे हजारो पट.

आता माझ्या आवडीची गोष्ट. आजोळच्या वाडीत रहाट होता. बैल फिरे, गाडगी भरून वर येत आणि भसाभस पन्हळीत ओतत. बैल अडखळला की खंड. पण पन्हळीखालच्या दोणीतून पोफळींकडे जाणारी धार मात्र संथ, कारण एका गाडग्याने दोणीची पातळी कितीशी हलणार! डॅकमध्येही अशी दोणी असते, तिला बफर म्हणतात. गचके खात आलेले आकडे तीत साठतात आणि घड्याळाच्या ठोक्याला एकेक बाहेर पडतो.

दोणी भरून वाहू नये, आटूही नये, यासाठी कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. ऑप्टिकल वायरीच्या डॅकमध्ये हे काम फेज लॉक्ड लूप करतो. हा पातळी बघून तोटी फिरवणारा गडी. दर गाडग्याला तोटी फिरवायला लागला तर पाटात पुन्हा गचकेच. म्हणून तो मुद्दाम आळशी ठेवतात. आळस हाच त्याचा गुण! नव्या यूएसबी डॅकमध्ये त्याहून झकास युक्ती आहे. तिथे तोटीला हातच लावायचा नाही, बैल हाकणाऱ्याला ओरडून सांगायचं, ‘जरा दमानं’.

म्हणजे अशा डॅकमध्ये दोणीच्या अलीकडे बैल कसाही चालो. राउटर, वायर, तिचा सोन्याचा मुलामा, यांनी पाटाच्या धारेत फरक पडत नाही. वायरीतून विजेची खरखर येऊ शकते, पण तो आजार वेगळा. दोणीच्या अलीकडच्या वस्तूंनी जिटर जात असेल, तर मग देवाला गाऱ्हाणं घालूनही जायला हवा.

आरतीनंतर भाच्याच्या लॅपटॉपवरून भजन लावलं तर मधेच टिक, टिक. “हाच जिटर!” तो ओरडला. फेमटोची डबी जोडलेलीच होती. लॅपटॉपवर मागे गणपतीच्या व्हिडिओची जोडणी चालली होती, बैल दमला होता, दोणी आटत होती. सेटिंगमध्ये बफर चौपट केला. टिकटिक थांबली, आणि तो डबीचं बिल शोधायला लागला.