मोडायचं राहून गेलेलं प्रथिन

किडनीतली कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढून टाकली आणि काही वर्षांनी तोच रोग फुप्फुसात किंवा हाडात वर आला, असं बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत घडतं. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंमागे बहुतेक वेळा मूळ गाठ नसते, असा फैलाव असतो. या पेशींना दूरवर जाण्याची ताकद मिळते कुठून? जनुक बिघडलं, नको ते प्रथिन तयार झालं, हे नेहमीचं उत्तर. किडनीच्या कर्करोगाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात मात्र, म्हणजे 'क्लिअर सेल' प्रकारात, मामला वेगळा आहे. तिथलं प्रथिन निरोगी पेशीतही रोज तयार होतं. फक्त इथे ते मोडलं जात नाही.

पेशीत प्रथिनांची मोडतोड अखंड चालू असते. नको असलेल्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या, 76 अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाची साखळी चिकटवली जाते. ती खूण दिसली की प्रोटिएसोम नावाची पिंपासारखी पोकळ रचना त्या प्रथिनाला आत ओढून त्याचे तुकडे करते. युबिक्विटिन मात्र पुन्हा वापरायला बाजूला काढलं जातं. या शोधासाठी ॲरन सिकॅनोव्हर, अवराम हर्शको आणि अर्विन रोझ यांना 2004चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खूण कोणावर लावायची हे ठरवणारी, लायगेज म्हणून ओळखली जाणारी सहाशेहून अधिक प्रथिनं माणसात आहेत. व्हीएचएल हे प्रथिन अशाच एका लायगेजचा, नेमकं सावज ओळखणारा भाग आहे.

त्याचं सावज म्हणजे एचआयएफ नावाचं प्रथिन. पेशीला पुरेसा ऑक्सिजन मिळत असेल, तर एचआयएफवरच्या दोन ठरावीक ठिकाणी ऑक्सिजनच्या मदतीने एक बारीकसा रासायनिक बदल होतो. व्हीएचएल तो बदल ओळखतं, आणि काही मिनिटांत एचआयएफचा निकाल लागतो. ऑक्सिजन कमी पडला की तो बदल होत नाही, एचआयएफ टिकतं आणि रक्तपुरवठा वाढवणारी जनुकं चालू करतं. व्यवस्था चोख आहे. ती उलगडणारे विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा 2019च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले.

क्लिअर सेल कर्करोगात बहुतेक वेळा व्हीएचएल जनुकच निकामी झालेलं असतं. मग ऑक्सिजन भरपूर असला तरी एचआयएफ साचत जातं, आणि पेशी जीव गुदमरल्यासारखी वागू लागते. ती नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. या गाठी रक्ताने गच्च भरलेल्या असतात त्या यामुळेच. माझ्या मते त्याहून विलक्षण गोष्ट पेशीच्या पृष्ठभागावर घडते. तिथे सीएक्ससीआर-4 नावाचे, बाहेरचा इशारा टिपणारे ग्राहक रेणू वाढतात. हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं. हे रेणू ज्या रासायनिक इशाऱ्याच्या दिशेने पेशीला खेचतात, तो इशारा फुप्फुसं, अस्थिमज्जा आणि यकृत सोडत असतात. किडनीचा कर्करोग कुठे पसरतो ते आठवा.

अर्थात व्हीएचएल गेलं की रोग लगेच पसरला, असं नाही. जन्मतःच या जनुकाची एक प्रत सदोष असलेल्यांच्या किडनीत अनेक गाठी होतात. पण गाठ 3 सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तोवर ती क्वचितच पसरते. म्हणून डॉक्टर लगेच चाकू न लावता तिच्यावर नजर ठेवतात. पुढचा टप्पा गाठायला आणखी बिघाड व्हावे लागतात.

इतर कर्करोगांतही मोडतोडीचा हिशेब चुकतो. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिनचं उत्पादन स्नेल नावाचं प्रथिन दाबतं. एरवी स्नेल झटपट मोडलं जातं. ते टिकलं की पेशी सुट्या होऊन निसटायला मोकळ्या. उलट हकाई नावाचं लायगेज ई-कॅडहेरिनचीच विल्हेवाट लावायला मदत करतं. म्हणजे मोडतोड कमी झाली तरी पंचाईत आणि भलत्या प्रथिनाची झाली तरीही.

म्हणूनच उपचार अवघड होतात. प्रोटिएसोमच रोखणारं बॉर्टेझोमिब 2003 पासून मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात वापरात आहे, पण घट्ट गाठींच्या कर्करोगांत त्याची मात्रा फारशी चालली नाही. किडनीसाठी वेगळी वाट निघाली. हरवलेलं व्हीएचएल परत आणता येत नसेल, तर साचलेल्या एचआयएफ-2ला, म्हणजे एचआयएफच्याच एका प्रकाराला, निकामी करायचं. बेल्झुटिफॅन नावाची गोळी हेच करते. अमेरिकेत तिला 2021 मध्ये व्हीएचएलच्या आनुवंशिक आजारासाठी आणि 2023 मध्ये, आधीचे उपचार घेऊन झालेल्या, बळावलेल्या किडनी कर्करोगासाठी मान्यता मिळाली. तिचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम म्हणजे रक्तक्षय, कारण तांबड्या पेशी बनवायचा हुकूम देणारं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरकही एचआयएफ-2च्याच तालावर चालतं. त्यामुळे ही गोळी सुरू असलेल्या रुग्णाचं हिमोग्लोबिन वरचेवर तपासावं लागतं.