ह्यांच्यासाठी ‘ताकदीची गोळी’ घेण्याआधी

सांगलीतल्या आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

“ह्यांना हल्ली लवकर दमायला होतं, एखादी चांगली ताकदीची गोळी द्या.” किंवा, “मंडळींचे गुडघे दुखतात, कॅल्शियमची बाटली द्या.” साठी ओलांडलेल्या जोडीदारासाठी अशी मागणी आमच्याकडे रोज येते. बाटली काढून देणं सोपं आहे, आणि ती विकून आमचं नुकसानही होत नाही. तरी आम्ही आधी विचारतो की सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. हा प्रश्न चौकशीसाठी नसतो. कुठलं व्हिटॅमिन लागेल आणि कुठलं चालणार नाही, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

बी-१२ चंच उदाहरण घ्या. हे व्हिटॅमिन दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. भाजी-भाकरीतून मिळत नाही. आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेली घरं पुष्कळ, त्यामुळे मुळातच साठा कमी. त्यात वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ नीट सुटून येत नाही. त्यावर साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि रोज सकाळी पित्ताची पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल, तर शोषण आणखी घटतं. हातापायाला मुंग्या, तळपायाची आग, जीभ लाल होऊन सोलल्यासारखी वाटणं, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा ही लक्षणं ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. रक्ताची तपासणी करून घ्या. कमतरता जास्त असेल किंवा शोषणच होत नसेल, तर डॉक्टर इंजेक्शन देतात. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर बी-१२ लिहिलेलं असतं, पण त्यातलं बहुतेक आपल्या शरीराला वापरता येत नाही. शाकाहारी माणसाने त्यावर विसंबू नये.

इथे दोन गोष्टी नीट ऐका. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान मात्र आतल्या आत चालू राहतं. दुसरी गोष्ट मुंग्यांसाठीच्या गोळ्यांची. काही पट्ट्यांत मिथाइलकोबालामिनबरोबर (हे बी-१२ चंच एक रूप) प्रीगाबालिन किंवा गॅबापेन्टिन असतं. ते व्हिटॅमिन नव्हे. त्याने गुंगी येते, आणि रात्री बाथरूमला उठलेलं म्हातारं माणूस पडतं. शेजाऱ्यांना गुण आला म्हणून ती पट्टी मागू नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आम्ही ती देणार नाही. बी-६ चंही तसंच: मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर ते स्वतःच नसांना त्रास देतं. म्हणजे मुंग्या घालवायला घेतलेल्या गोळीनेच मुंग्या.

व्हिटॅमिन डी ची चूक आम्हाला सगळ्यात जास्त दिसते. ६०,००० आययूचं (आययू म्हणजे व्हिटॅमिन मोजायचं एकक) पाकीट किंवा कॅप्सूल सहसा आठवड्यातून एकदा, डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे, एवढंच घ्यायचं असतं. काहीजण ते रोज घेतात, काहीजण कोर्स संपला तरी ‘बरं वाटतं’ म्हणून महिनोन्महिने चालू ठेवतात. जादा बी-१२ लघवीवाटे निघून जातं; डी चरबीत साठून राहतं. साठलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, गोंधळल्यासारखं वागणं, पुढे मूत्रपिंडावर ताण. अशी लक्षणं दिसली तर पाकीट थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. आमचा सल्ला असा, की फ्रिजवरच्या कॅलेंडरवर पाकिटाच्या वारी खूण करा. हे दुधातून किंवा जेवणानंतर घ्यावं, स्निग्ध पदार्थाबरोबर ते चांगलं शोषलं जातं. आणि खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने डी तयार होत नाही, अंगावर थेट ऊन लागतं.

कॅल्शियमच्या पट्टीवर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ असं असेल, तर त्यात खरं कॅल्शियम ५०० मिग्रॅ. एका वेळी याहून जास्त घेऊन फार उपयोग होत नाही. कार्बोनेट जेवणासोबत घ्यायचं. पित्ताच्या गोळ्या चालू असतील किंवा पोटात गच्च होत असेल, तर सायट्रेट बरं, ते उपाशीपोटीही चालतं. मुतखडा होऊन गेला असेल तर विचारल्याशिवाय नको. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिग्रॅच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे सकाळी आंबील आणि रात्री दूध घेणाऱ्याला निम्मीच गोळी पुरेल, हेही आम्ही सांगतो.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी कॅल्शियम आणि लोह यांच्यात आणि त्या गोळीत किमान ४ तासांचं अंतर ठेवावं. नाहीतर थायरॉइडचा डोस विनाकारण वाढत जातो. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. वयस्कर पुरुषाचं हिमोग्लोबिन कमी आलं तर लोहाची बाटली नेऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा. पोटात कुठे थोडंथोडं रक्त जात असेल, तर गोळीने ते झाकलं जाईल.

हृदयासाठी रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल चालू असेल, तर मल्टिव्हिटॅमिनमधलं व्हिटॅमिन के तिचा परिणाम कमी करू शकतं, आणि व्हिटॅमिन ई चा मोठा डोस रक्तस्राव वाढवू शकतो. मिरजेला तपासणीला जाल तेव्हा बाटलीही पिशवीत टाका. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने थायरॉइडचे आणि हृदयाचे काही रिपोर्ट चुकीचे येतात. रक्त देण्याआधी लॅबमध्ये तसं सांगा. जोडीदार बिडी-सिगारेट ओढत असेल तर बीटा-कॅरोटिनच्या (ज्यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) जादा मात्रेच्या गोळ्या टाळा. धूम्रपान करणाऱ्यांत त्याने फुफ्फुसाचा कर्करोग वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे.

डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्र सरकारचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) १४ अंकी क्रमांक असला की ते उत्पादन अन्नपूरक म्हणून विकलं जातं, औषध म्हणून नव्हे. त्यात वाईट काही नाही, पण ‘सांधेदुखी मुळापासून’ असं लिहिलेलं दिसलं तर डबा परत ठेवा. मोठी किंमत आणि चाळीस घटकांची यादी पाहून भुलू नका. लागणारं एखादंच असतं आणि त्याची साधी पट्टी स्वस्त मिळते.

दुकानात येताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या (आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यांकडून आणलेल्यासुद्धा) आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट घेऊन या. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा शांतपणे बघता येतं. उघडलेली बाटली परत घेता येत नाही, म्हणून पहिल्या वेळी दहाचीच पट्टी न्या, आणि पट्टी कापून घेतली तर मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्या.