आपल्या कुंपणात आपण: मुंबईच्या बहुसांस्कृतिकतेची पार्श्वभूमी

मुंबईत दर काही महिन्यांनी एक बातमी हटकून येते. कुणाला तरी घर नाकारलेले असते. कारण कधी धर्म, कधी आडनाव, कधी रविवारी शिजणारे मटण, तर कधी नुसते मराठी असणे. मग दोन-चार दिवस वाद रंगतो. एक बाजू म्हणते, 'सगळ्यांना सामावून घेणारी जुनी मुंबई आता राहिली नाही.' दुसरी म्हणते, 'आमच्या इमारतीत कोण राहणार ते आम्ही ठरवू.' यात पहिल्या बाजूचा इतिहास थोडा कच्चा आहे. दुसरीच्या हाती मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचा दाखला आहे, आणि त्याची बहुधा तिलाही कल्पना नसते.

पोर्तुगीज राजकन्या कॅथरीनच्या लग्नाच्या निमित्ताने १६६१च्या तहानुसार मुंबई इंग्लंडच्या राजाकडे आली. दुसऱ्या चार्ल्सने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. बेटांवर कोळी, आगरी, भंडारी, पाठारे प्रभू, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली कुटुंबे आणि थोडे कोकणी मुसलमान राहत होते. बाकी खाजण, माडाच्या वाड्या आणि ताप. दोन पावसाळे हेच इथल्या माणसाचे आयुष्य, अशी म्हण खुद्द इंग्रजांत होती. व्यापार सगळा सुरतेत. १६६९ पासून गव्हर्नर असलेल्या जेराल्ड आँजियरला हे बंदर चालवायचे तर पैसेवाले लोक बोलावून आणणे भाग होते.

त्या काळात दीवचा एक वाणी व्यापारी, नीमा पारख, मुंबईत यायला तयार झाला, पण त्याने अटी घातल्या. दीव पोर्तुगीजांकडे होते. त्यांच्या मुलखात हिंदूंच्या पोरक्या मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा कायदा होता आणि गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, चालू होते. पारखच्या अटी या भीतीतून आलेल्या दिसतात: आमच्या घरात आमचा धर्म पाळू, लग्नकार्ये आणि अंत्यविधी आमच्या रीतीने करू, कुणाला ख्रिस्ती व्हायची सक्ती नको. यांबरोबर आणखी एक अट होती. आमच्या आवारात इंग्रज, पोर्तुगीज, अन्य कोणी ख्रिस्ती किंवा मुसलमान राहणार नाही आणि तिथे कोणी जीवहत्या करणार नाही. हा व्यवहार १६७७ चा आहे, आणि कंपनीने बहुतेक गोष्टी मान्य केल्या. आजच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर हाच मजकूर लावला तर कुणाला तो जुना वाटणार नाही.

धर्मस्वातंत्र्य आणि इतरांना दार बंद, या दोन्ही गोष्टी एकाच अर्जात मागितल्या गेल्या आणि एकाच हाताने दिल्या गेल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या गोष्टीला आपण मुंबईची सहिष्णुता म्हणतो, तिची सुरुवात या करारापासून धरायला हरकत नाही. आँजियरने जमातींच्या पंचायतींना आपापले तंटे सोडवण्याची मुभा दिली. पारशांना १६७०च्या दशकात मलबार टेकडीवर दखम्यासाठी, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या बुरुजासाठी, जागा मिळाली. कंपनीला कुणाच्या देवाशी देणेघेणे नव्हते. जकात भरा, शांत राहा आणि आपल्या आवारात हवे ते करा, असा रोकडा हिशेब होता.

तो हिशेब कमालीचा यशस्वी झाला, हे आधी मान्य केले पाहिजे. पुढच्या दोनशे वर्षांत इथे गुजराती वाणी, पारशी, बोहरी, खोजे, मेमन, बगदादी यहुदी आणि आर्मेनियन व्यापारी आले. कोकणातून बेने इस्रायली आले. यहुदी धर्माच्या आणि मराठी मातृभाषेच्या या लोकांनी १७९६ मध्ये आपले पहिले सिनेगॉग बांधले. तेलुगू कामाठी आले, गोव्याहून खलाशी आणि बेकरीवाले आले. १८०३ मध्ये कोटात, म्हणजे तटबंदीच्या आतल्या शहरात, मोठी आग लागली आणि देशी वस्ती कोटाबाहेर वाढत गेली. मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी, डोंगरी, माझगाव, गिरगाव, कामाठीपुरा असे ज्याच्या त्याच्या वळणाचे मोहल्ले उभे राहिले. प्रत्येक जमातीची धर्मशाळा, दवाखाना, शाळा, फंड. गावाहून आलेल्या माणसाला पहिल्या रात्री पथारी टाकायला जागा मिळे ती आपल्या लोकांतच. गोव्याच्या खलाशांचे गावनिहाय कुड, म्हणजे एकत्र राहण्याच्या खोल्या, आणि रत्नागिरीकडच्या गावकरी मंडळांच्या भाड्याच्या खोल्या या एकाच गरजेतून आल्या. सरकार यातले काहीच देत नव्हते.

शिवाय जमातीचा पैसा जमातीपुरता राहिला नाही. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ मध्ये उभे राहिलेले रुग्णालय सगळ्या शहराचे झाले. १८५२ ची बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था काढताना नाना शंकरशेट आणि पारशी, मुसलमान व यहुदी शेटिये एकत्र बसले. १८५३ मध्ये ग्रँट रोडच्या एकाच नाट्यगृहात विष्णुदास भाव्यांच्या मंडळीचे खेळ झाले आणि पारशी नाटक मंडळीचेही. १८८५ ची बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी या त्रिकुटाने चालवली. एक पारशी, एक सारस्वत, एक सुलेमानी बोहरी. तिघे मित्र, तिघेही कायद्याच्या पेशातले. त्या काळी इतक्या सहजपणे हे जमून येईल अशी शहरे देशात थोडीच होती.

पण हे वरच्या मजल्यावरचे झाले. खाली रस्त्यावर कुंपणे एकमेकांना घासत. १८५१ मध्ये एका गुजराती मासिकाने पैगंबरांचे चित्र छापले आणि पारशी-मुसलमान दंगल पेटली. १८७४ मध्ये एका पारशाने छापलेल्या पुस्तकातल्या मजकुरावरून तीच तऱ्हा. ऑगस्ट १८९३ मध्ये हिंदू-मुसलमान दंगलीत सत्तरहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, आणि टिळकांनी उत्सवाला जोर दिला. त्याआधी मोहरमच्या ताबुतांपुढे हिंदू कामकरी नाचत, नवस बोलत. १८९३ नंतर हे झपाट्याने आटले. दंगलीतली मढी मोजता येतात, पण सामायिक सण गेला त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची?

व्यवस्थेचा दोष इथे दिसतो. जमातीतला तंटा जमातीची पंचायत सोडवत होती. दोन जमातींमधला तंटा सोडवणारे पोलिसांखेरीज कोणीच नव्हते.

लोकांची खरी सरमिसळ झाली ती कामाच्या ठिकाणी. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिली कापड गिरणी काढली आणि पन्नास वर्षांत परळ-लालबाग-भायखळा हा पट्टा गिरणगाव झाला. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरचे मराठे, उत्तरेतले मोमीन विणकर, दलित जातींतले कामगार एका भोंग्यावर कामाला जाऊ लागले. अर्थात भोंगा एक असला तरी खाते एक नव्हते. जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, आपल्या गावचे, आपल्या जातीचे लोक भरी. धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने शोषावे लागे, म्हणून चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात, म्हणजे साचाखात्यात, दलितांना मज्जाव होता. १९२८ च्या मोठ्या संपात दीडएक लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना हाच सवाल केला: कामगारांची एकजूट म्हणता, मग साचाखात्यात आमची माणसे का नाहीत? पुढे फेब्रुवारी १९२९ मध्ये पठाणांविषयीच्या अफवांवरून दंगल पेटली आणि शंभराहून अधिक लोक मारले गेले. संपाची एकजूट ती थोपवू शकली नाही.

तरीही गिरणगावाने जे दिले ते मोहल्ल्यांना देता आले नव्हते. युनियन, नाका, तालीम, इराण्याचे हॉटेल, कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा आवाज म्हणून आठवतात ते शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर. यातला एक मुसलमान, एक मातंग. मराठी हक्काचा लढा असा गळ्याने बहुजातीय, बहुधर्मी होता, ही बाब आजच्या भाषावादात दोन्ही बाजू विसरतात.

घरांची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने चालली होती. १८९६ च्या प्लेगनंतर सरकार जागे झाले, १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याला नवे भूखंड पडले. मध्यमवर्गाला चाळीतून बाहेर पडायचे होते, पण एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले ते काम नव्हते. १९१५ मध्ये गावदेवीत चित्रापूर सारस्वतांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिच्यामागे सहकार चळवळीतले तळमकी होते. आशियातली पहिली म्हणून ती ओळखली जाते. मग कॅथलिकांच्या संस्था आल्या, पारशी कॉलनी आली, हिंदू कॉलनी आली, माटुंग्यात तमिळ मंडळी स्थिरावली. सहकारासाठी विश्वास लागतो, आणि अनोळखी शहरात विश्वासाचा तयार पुरवठा जातीतच होता. आधुनिक फ्लॅटचा पाया असा जुन्या जातगोतावर घातला गेला. याच हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकात आंबेडकरांनी 'राजगृह' बांधले. त्याआधी बरीच वर्षे ते परळच्या ट्रस्टच्या चाळीत राहिले होते. नावाने 'हिंदू' असलेल्या वसाहतीत जातिव्यवस्थेच्या सर्वांत मोठ्या टीकाकाराचे घर, ही मुंबईची खास करामत.

१९६० नंतर प्रश्न बदलला. शंभरावर माणसांचे बळी देऊन महाराष्ट्राला मुंबई मिळाली. भांडवल आणि बऱ्याच कचेऱ्यांतल्या खुर्च्या मात्र दुसऱ्यांकडे होत्या. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेचा पहिला रोख दाक्षिणात्य कारकून-टायपिस्टांवर होता. या रागाला निव्वळ संकुचितपणा म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण तसे केले तर बहुसांस्कृतिकतेचा एक तोटा दिसतच नाही. ज्या जमातीच्या हाती पतपेढी, घरे आणि नोकऱ्या, तिला आपल्या लोकांना सांभाळणे परवडते. ज्यांच्याकडे संख्या आहे पण ही रसद नाही, त्यांना शहर आपले असूनही परके वाटते. मात्र त्यावरचा इलाज जेव्हा मद्रासी खानावळ फोडण्यापर्यंत गेला, तेव्हा मार खाणारेही पोटासाठीच आलेले होते. आकड्यांत पाहिले तर २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईत मराठी मातृभाषेचे सुमारे ४४ लाख लोक होते, एकूण सव्वा कोटीपैकी. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ही संख्या किंचित कमीच.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले आणि बहुतेक परतलेच नाहीत. मला वाटते, मुंबईच्या बहुसांस्कृतिकतेला बसलेला हा सर्वांत मोठा फटका आहे, आणि तो कुठल्याही धर्माने किंवा भाषेने दिलेला नाही. लोक एकत्र येत ती जागा गेली, वेगळे राहत ती कुंपणे तशीच राहिली. दहा वर्षांनी, डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मारली गेली: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकी इतर आणि ओळख न पटलेले. त्यानंतर मिश्र चाळींतून अनेक कुटुंबे उठली. मुसलमान मुंब्रा किंवा मुंबईतल्याच आपल्या वस्त्यांकडे सरकले, आणि हिंदू कुटुंबेही मुसलमान वस्त्यांतून हलली. पूर्वी कुंपण व्यापारासाठी मागितले जाई, आता जीव वाचवण्यासाठी.

कायदा यात कुठे आहे? घटनेच्या अनुच्छेद १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, घाट सगळ्यांना खुले केले, पण खासगी घराचा त्यात उल्लेख नाही. अनुच्छेद २९ संस्कृती जपण्याचा हक्क देतो, १९ संघटना स्थापण्याचा. एप्रिल २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. संख्येने आटत चाललेल्या पारशांसाठी तो नियम टिकून राहण्याचा आधार आहे. तोच नियम बलाढ्य जमातीने मोक्याच्या वस्तीत लावला तर शेजारचा माणूस हद्दपार होतो. कायद्याच्या भाषेत या दोहोंत फरक करणे अवघड आहे.

सध्या पुनर्विकासाने हा प्रश्न पुन्हा उकरला आहे. भेंडीबाजारात दाऊदी बोहरा समाजाच्या ट्रस्टने साडेसोळा एकरांवरच्या सुमारे अडीचशे जुन्या इमारती पाडून मनोरे बांधायला घेतले. मोडकळीला आलेला मोहल्ला स्वतःच्या बळावर उभा करणे, हा जमातीच्या जुन्या ताकदीचाच नमुना म्हणावा लागेल. दुसरीकडे वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी म्हाडा पाडते आहे. वरळीच्या याच चाळींत मराठे आणि बौद्ध शेजारी राहत, आणि १९७४ मध्ये इथेच दोन्ही बाजूंनी दगड चालले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराच्या चाव्या मिळाल्या. बाजूच्या विक्रीच्या मनोऱ्यांत कोण येणार ते बाजारभाव ठरवील. आवाराची भिंत एकच ठेवायची की दोन, फाटक एकच की वेगवेगळी, हे मात्र आराखडा मंजूर करणाऱ्या सरकारी टेबलावर ठरते.